असन्निधानातील दिनचर्या : स्मरण आणि वचन

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी, नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हा ब्रह्मविद्याशास्त्राचा पाया होय. हा पाया ज्याने नीट समजून घेतला आहे त्याला अलीकडे वासनिकांच्या तोंडी सहज येणाऱ्या एका वाक्याशी थबकावे लागते. ‘देव चराचरात भरलेला आहे, तेव्हा कामातच देव पाहिला की झाले, निराळे स्मरण कशाला?’ असा त्या वाक्याचा आशय असतो. ते ऐकायला गोड आहे. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, घरात दिवसभर राबणारी स्त्री, सर्वांनाच त्यात सवलत दिसते. परंतु या वाक्याची किंमत काय मोजावी लागते याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

प्रपंच हा प्रपंच आहे, परमेश्वर नव्हे. नांगर, तराजू, चूल, पाटी यांपैकी काहीही परमेश्वर नाही. परमेश्वर व्यापक आहे हे शास्त्रास मान्यच आहे. पण व्यापक असणे निराळे आणि तद्रूप असणे निराळे. आकाश घटात आहे म्हणून घट आकाश होत नाही. या दोहोंची गल्लत झाली की पुढची पायरी अपरिहार्यपणे येते. जे जे आहे ते सर्व देवच असेल, तर मनात उठणारा क्रोधही देवच, शेजाऱ्याचा बांध कोरण्याची बुद्धीही देवच, आणि दारूचा पेलाही देवच म्हणावा लागेल. मग प्रतिकार कोणी, कोणाचा आणि कशासाठी करावयाचा? सर्वत्र देव पाहणाऱ्या मताला दुष्टाचा प्रतिकार सांगता येत नाही असे नव्हे, पण तो सांगताना त्याला आपल्याच सिद्धांताशी झगडावे लागते. द्वैत मानणाऱ्या मार्गाला ती अडचण नाही. येथे विहित व निषिद्ध, इष्ट व अनिष्ट यांच्यामधील रेषा स्पष्ट आहे. म्हणून निषिद्धाला पाठमोरे होणे शक्य आहे.

मात्र याच मार्गाला दुसरी, अधिक दुःखाची अडचण आहे. ती म्हणजे असन्निधान. अव्यक्त, निराकार परमेश्वर जीवांच्या उद्धरणार्थ कृपेने साकार होतो, आणि त्या साकाराच्या सन्निधानात जीवाला ज्ञान व प्रेम यांचे दान लाभते. श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले तेव्हा मार्गाचे सन्निधान तुटले. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे आचार्य श्रीनागदेव, म्हणजे भटोबास, आणि इतर भक्तजन रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. परंतु पुढे श्रीप्रभूंनीही देह ठेवला. आता डोळ्यांना दिसणारे, हाताने सेवा घेणारे, चुकले तर रागावणारे असे कोणीच उरले नाही. ‘दैनंदिन जीवनात देव कसा शोधावा’ हा प्रश्न आज जितका सुलभपणे विचारला जातो तितका तो त्या मंडळींना सुलभ नव्हता. त्यांनी देव पाहिला होता आणि तो गेला होता.

त्यांनी काय केले, याचे उत्तर मार्गाच्या वाङ्मयातच आहे. त्यांनी ‘देव सगळीकडेच आहे’ असे म्हणून समाधान करून घेतले नाही. त्यांनी आठवायला सुरुवात केली. म्हाइंभटांनी भटोबासांना एकेक लीळा विचारली. इतर भक्तांकडे जाऊन, ज्याने जे पाहिले वा ऐकले ते त्याच्याकडून घेतले, आणि त्यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. हेच म्हाइंभट एके काळी विद्वत्तेचा अभिमान बाळगून स्वामींशी वाद करण्यासाठी आलेले पंडित होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वादाने जिंकायला आलेला पुरुष पुढे लोकांच्या दारी जाऊन ‘तुला काय आठवते?’ असे विचारीत फिरला. असन्निधानाचा उपाय स्मरण आहे, हे त्याने कोणत्याही विवरणापेक्षा अधिक ठसठशीतपणे दाखविले.

स्मरण कशाचे? नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे. यांपैकी नामस्मरण सर्वांना ठाऊक आहे, मूर्तिस्मरणही पूजेच्या निमित्ताने घडते. चेष्टास्मरणाची मात्र मोठी उपेक्षा होते, आणि प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्यातच आहे. लीळाचरित्र उघडले की वाचकाला प्रथम काय दिसते? चमत्कारांची रास दिसत नाही. दिसते ती एक दिनचर्या. उदयाचा पूजावसर, त्यानंतर विहरण, मग मर्दना-मादने, आरोगणा, गुळळा, विडा, पहुड, उपहुड, पुन्हा विळीचा पूजावसर, व्याळी, निद्रा. देव उठतो, चालतो, न्हातो, जेवतो, चूळ भरतो, पहुडतो. ही शब्दावली मार्गाबाहेरच्या अभ्यासकाला कधी कधी कंटाळवाणी वाटते. तेच ते पुनःपुन्हा का लिहिले, असे तो विचारतो. ज्यांनी लिहिले त्यांना ते तेच ते वाटत नव्हते.

स्थानपोथीने तर याहून पुढचे पाऊल टाकले आहे. स्वामी जेथे राहिले ते अवस्थान, जेथे बसले ते आसन, जेथे जेवले ते आरोगणास्थान, हे सर्व तिने नोंदविले. इतकेच नव्हे, तर देहधर्माची परिश्रयस्थानेही वगळली नाहीत. आज या स्थानांवर ओटे आहेत आणि यात्रेकरू तेथे दंडवत घालतात. परक्याला याचे आश्चर्य वाटते. परंतु यामागील विचार काटेकोर आहे. ती माती देव नव्हे. त्या मातीला देवाचा संबंध घडला आहे, आणि संबंधामुळे ती वंदनीय झाली आहे. ‘सर्व भूमी देव आहे’ आणि ‘या भूमीस देवाचा संबंध आहे’ या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने मन सैल पडते, दुसऱ्याने ते एका विशिष्ट जागी, विशिष्ट लीळेशी जखडले जाते. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चारांस असन्निधानात जे महत्त्व आहे ते याच न्यायाने.

आता हे डोमेग्रामला, माहूरला, पैठणला वा रिद्धपूरला जाऊ शकणाऱ्यांपुरतेच आहे काय? तसे असते तर वर्षातून एक यात्रा करणाऱ्याचे उरलेले दिवस कोरडेच गेले असते. परंतु चेष्टा या प्रत्येकाच्या घरी आहेत. वासनिक सकाळी चालत शेताकडे निघाला, तर त्या वेळी त्याला विहरणाची लीळा आठविता येते. ताटावर बसला, तर आरोगणा आठविता येते. रात्री अंग टाकताना पहुड आठविता येतो. यात त्याचे चालणे देव होत नाही, जेवण देव होत नाही. त्याचे चालणे-जेवणे ही केवळ खुंटी होते, आणि तिच्यावर स्मरण अडकविले जाते. यासाठी वेगळा वेळ लागत नाही, हे खरे. मात्र लीळा पाठ असाव्या लागतात. ज्याला एकही विहरणाची लीळा नेमकेपणाने ठाऊक नाही तो वाटेवर काय आठवणार? तो पिकाचा भाव आठवील, किंवा खिशातला भ्रमणध्वनी काढील.

श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा या दृष्टीने विशेष मननीय आहेत. रिद्धपुरात श्रीप्रभू कोणाच्याही घरात शिरत, मडक्यावरचे झाकण काढून आतले पाहत, आवडले तर तेथेच आरोगणा करीत. बाजारात जाऊन वस्तू हाताळीत, मुलांसारखे खेळत. पाण्यावाचून तळमळणाऱ्या मातंगांची विनवणी त्यांनी ऐकली. गावातील स्त्रिया अडल्यानडल्या वेळी त्यांना हाक मारीत, आणि गाव त्यांना आपली आई व आपला बाप समजे. परमेश्वराला स्वयंपाकघरात आणण्यासाठी रिद्धपूरच्या गृहिणीला कल्पनेचा आश्रय घ्यावा लागला नाही. तो उंबरठा ओलांडून आत येत असे. महदाइसेचे धवळेही श्रीप्रभूंच्या अशाच एका खेळातून, विवाहाच्या लीळेतून, उपजले. मराठीतील पहिल्या कवयित्रीची वाणी राजसभेत नव्हे, तर या घरगुती थट्टेत प्रकटली, ही गोष्ट मार्गातील स्त्रियांनी विसरू नये.

परंतु याच रिद्धपुरात दुसरेही लोक होते. तेच मडके, तोच हात, तेच झाकण. आणि एकाला त्यात ईश्वर दिसला, दुसऱ्याला वेडा. श्रीप्रभूंना पिसे म्हणणारे काही परदेशातून आलेले नव्हते. ते रोज त्यांना पाहत होते. यावरून एक कठोर सत्य निघते. सान्निध्य पुरेसे नसते, डोळे पुरेसे नसतात. रोजच्या जीवनात देव प्रत्यक्ष येऊन उभा राहिला तरी ज्ञानावाचून तो ओळखू येत नाही. म्हणूनच ‘डोळे उघडे ठेवा, देव दिसेल’ हा उपदेश अपुरा आहे. दृष्टांतपाठातील जन्मांधांनीही हत्तीला हात लावलाच होता. प्रत्येकाच्या हाताला हत्तीच लागला, आणि प्रत्येकाने वेगळेच सांगितले.

येथून प्रतिकाराच्या विषयाकडे वळता येते. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) अधःपाताचा जो क्रम सांगितला आहे तो सर्वांच्या परिचयाचा आहे : विषयाचे ध्यान, त्यापासून संग, संगापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, मग स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. हा श्लोक शेकडो वेळा म्हणणाऱ्यांनाही त्यातील एक गोष्ट बहुधा जाणवत नाही. या साखळीतील निर्णायक कडी स्मृतीची आहे. बुद्धी नष्ट होते ती स्मृती गेल्यामुळे. म्हणजे माणूस वाईट करतो तेव्हा त्याला चांगले काय हे ठाऊक नसते असे नाही. त्या क्षणी त्याला ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सर्व आठवते, आणि पश्चात्तापही होतो. शास्त्र त्याच्याजवळ होते, पण कपाटात होते.

आठव्या अध्यायात (श्लोक ७) अर्जुनाला आज्ञा झाली ती सर्वकाळ स्मरण कर आणि युद्धही कर अशी. स्मरण सोडून युद्ध कर असे सांगितले नाही, तसेच युद्ध सोडून स्मरण कर असेही सांगितले नाही. कुरुक्षेत्रावर शंखांचा आणि रथांचा गदारोळ चालू असताना जर स्मरण शक्य मानले आहे, तर बाजाराच्या दिवशी तराजू हातात असताना ते अशक्य आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? अर्जुनाने सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे अशी तक्रार केलीच होती. ती तक्रार भगवंतांनी खोटी ठरविली नाही, मान्य केली, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे.

विकार आणि विकल्प हे दोन शब्द मार्गात वारंवार येतात. विकार म्हणजे काम, क्रोध, लोभ इत्यादींचा उठाव. याच्याशी वादविवाद करून भागत नाही. रागावलेला मनुष्य मनाशी युक्तिवाद करू लागला की राग वकील होतो. भावाने बांध दीड हात सरकविला आहे. सात-बाराचा उतारा, मोजणीचा नकाशा, गेल्या वर्षीचे बोलणे, सर्व पुरावे क्रोधाच्याच बाजूने उभे राहतात, आणि पुष्कळदा ते खरेही असतात. अशा वेळी उपयोगी पडते ते वचन. वचन युक्तिवाद करीत नाही, आठवण देते. एक लीळा पाहावी. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. पारध्यांनी तो मागितला. त्यांच्या दृष्टीने तो त्यांचाच होता, त्यांनी त्याच्यामागे श्रम केले होते. शरण आलेल्याला मरण नाही, अशा आशयाचे उत्तर स्वामींनी दिले, आणि संकट टळल्यावर त्या सशाला ‘महात्मा’ या आदराच्या शब्दाने संबोधून जाऊ दिले.

या लीळेचे विवरण बहुधा अहिंसेच्या अंगाने केले जाते, आणि ते योग्यच आहे. आपल्या हातून मुंगीचाही संसार मोडू नये इतकी सावधता स्वामींनी भक्तांना सांगितली आहे. तथापि तिला दुसरेही अंग आहे. पारध्यांची मागणी व्यवहाराने खोटी नव्हती. स्वामींनी ती खोटी ठरविण्यात वेळ घालविला नाही. हक्काचा प्रश्न बाजूला राहिला आणि मांडीखालच्या जीवाचा प्रश्न पुढे आला. बांधावर उभ्या असलेल्या वासनिकाला ही लीळा जर त्या घटकेला आठवली, तर कदाचित तो मोजणी मागवील, कचेरीतही जाईल. हक्क सोडावा असे लीळा सांगत नाही. परंतु उचललेली काठी खाली येईल. एवढे झाले तरी पुष्कळ झाले. सप्तव्यसनांचा निषेध प्रत्येक अनुसरलेल्याने ऐकलेला असतो. लग्नाच्या मांडवामागे कोणी पेला पुढे केला तर तो निषेध तोंडातून उच्चारला जातो की नाही, यावरच तो पाठ आहे की नुसता ऐकलेला आहे हे ठरते.

विकल्प हा विकाराहून सूक्ष्म आणि, खरे पाहता, अधिक घातक. विकार उठला की माणसाला निदान तो उठल्याचे कळते. कान तापतात, हात थरथरतात. विकल्प थंड असतो आणि शहाणपणाचा वेष घेऊन येतो. परमेश्वराच्या मनुष्यचेष्टेविषयी शंका, शास्त्राविषयी शंका, आणि सर्वांत सुलभ म्हणजे भिक्षुकाविषयी, गुरुबंधूविषयी शंका. अमुक महात्मे रुचकर भिक्षेच्या घरीच जातात, तमुक वासनिक उपहार आणतो तो मानासाठी. असे बोलणे मठामठांतून आणि घराघरांतून चालते. बोलणाऱ्याला वाटते की आपण धर्माची चाड बाळगून बोलत आहो. दोष दिसूच नये असा याचा अर्थ नव्हे. ज्येष्ठाने कनिष्ठाचा दोष एकांती दाखविणे हे त्याच्या हिताचे आहे. परंतु जो दोष दाखवून दुरुस्त करण्याची बोलणाऱ्याची इच्छा नाही, आणि जो चारचौघांत चघळण्यापुरताच आहे, तो विकल्पच होय. रिद्धपुरात ज्यांनी श्रीप्रभूंना वेडे ठरविले त्यांनीही आपण डोळ्यांनी पाहिलेलेच सांगितले होते.

भिक्षुकाच्या बाबतीत हा सर्व विचार आचाराच्या रूपाने बांधून दिलेला आहे. अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा. दिवसाचा एकही प्रहर मोकळा सोडलेला नाही. परिचयाच्या ठिकाणी रेंगाळू नये, मान मिळेल तेथे वस्ती वाढवू नये, विषय बहुल असलेल्या देशी जाऊ नये, महाराष्ट्रात राहावे, देशाच्या कडेला वृक्षातळी आयुष्य वेचावे, चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावी. ही आज्ञांची यादी वरवर पाहता केवळ कष्टाची वाटते. तिच्यात मनाची किती पारख आहे! मनुष्य एकाच घरी रोज भिक्षेस गेला की त्या घराची चव त्याला कळते, मग त्या घरचे सुखदुःख त्याचे होते, मग त्या घराची बाजू तो घेऊ लागतो. गीतेतील ध्यान, संग, काम हा क्रम येथे झोळीच्या मार्गाने येतो. आज्ञा त्याला पहिल्याच पायरीवर अडविते. विजनाविषयी मात्र एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. एकांत स्वतः कोणाला शुद्ध करीत नाही. स्मरणाचा साठा नसताना झाडाखाली बसलेला भिक्षुक गावात बसलेल्यापेक्षा अधिक विकल्पांत सापडतो, कारण तेथे त्याला अडविणारे दुसरे कोणी नसते. म्हणून आधी पाठ, मग विजन, असा क्रम जुन्या अधिकरणांनी धरलेला दिसतो आणि तोच हितावह आहे.

पाठाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. भटोबासांच्या काळी केशिराजबासांसारखे संस्कृतात पारंगत शिष्य मार्गात होते. सूत्रपाठाची आणि दृष्टांतपाठाची जुळणी त्यांचीच. त्यांनी शास्त्र संस्कृतात नेऊ नये असे भटोबासांनी सांगितले, कारण तसे केल्याने त्यांच्या म्हाताऱ्या नागविल्या गेल्या असत्या. भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून या प्रसंगाचा आज वारंवार उल्लेख होतो. भटोबासांपुढे प्रश्न भाषेच्या मानापमानाचा नव्हता. झोळी घेऊन उन्हातून चालणाऱ्या, दळण दळणाऱ्या, रात्री झोप न येणाऱ्या वृद्धेच्या ओठांवर ऐन वेळी काय येईल, हा होता. वचन जर तिच्या बोलीत नसेल तर ते तिला आठवणार नाही, आणि आठवले नाही तर तिचे रक्षण करणार नाही.

पुढे शतकानुशतके हे ग्रंथ सकळादी सांकेतिक लिप्यांत जतन झाले, आणि विसाव्या शतकात त्या लिप्यांचा उलगडा होऊन ते छापले गेले. आता सूत्रपाठाची प्रत कोणत्याही वासनिकाच्या घरी असू शकते. लिपीचा अडसर गेला. तथापि ज्या पिढ्यांजवळ छापील प्रत नव्हती त्यांच्यातील पुष्कळांना आचार व विचार ही प्रकरणे मुखोद्गत होती, आणि ज्यांच्याजवळ प्रत आहे त्यांना बहुधा नाही. पहाटेच्या आवर्तनाला बसताना पोथी पुढ्यात असावी, पण ती मिटलेली असावी. अडले तरच उघडावी. रोज एक सूत्र, त्याचे प्रकरण, त्याला जोडलेली एक लीळा, एवढे घेऊन घराबाहेर पडावे, आणि संध्याकाळी विळीच्या पूजेपूर्वी ते दिवसात किती वेळा आठवले आणि कोठे आठवायला हवे असता आठवले नाही, ते पाहावे.